भोंगे थांबलेल्या शहरात कामगार चळवळीने काय मागावे?

२००१ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ८,७२,४७८ होती आणि २०११ च्या जनगणनेत ती ९,५१,५५८ भरली. दहा वर्षांत वाढ झाली ती जेमतेम नऊ टक्के. त्याच दशकात नाशिक पावणेअकरा लाखांवरून जवळजवळ पंधरा लाखांवर गेले. जन्म आणि मृत्यू यांच्या हिशेबाने कोणतेही शहर आपोआप जेवढे वाढते, तेवढेही सोलापूर वाढले नाही. तिथे जन्मलेली, शिकलेली तरुण माणसे पुण्याला, हैदराबादला, भिवंडीला निघून गेली, हाच या आकड्यांचा अर्थ आहे. मागे राहिले ते ज्यांना जाता येत नाही असे लोक: घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया, यंत्रमागावर वय झालेले विणकर, हातगाडीवाले, कचरा वेचणारे, रिक्षावाले.

कारखानदारी ओसरत चाललेल्या शहरात या माणसांच्या चळवळीने नेमके काय मागायचे आणि कोणाकडे मागायचे, हा प्रश्न आपल्याकडे फार कमी वेळा नीट विचारला जातो. गिरणी चालू असताना उत्तर सोपे होते. मालक समोर होता, त्याच्या दारात सभा घेता येत होती, काम थांबवले की त्याचे नुकसान होत होते आणि म्हणून त्याला बोलणी करावी लागत होती. मालकच निघून गेला, किंवा तो इतका लहान आणि विखुरलेला झाला की त्याच्याकडे मागावे असे फारसे काही उरले नाही, तर संपाचे हत्यार कोणावर चालवायचे? माझे मत असे आहे की अशा शहरात चळवळीचे केंद्र कारखान्याच्या दारातून वस्तीत येणे योग्य आहे, आणि सोलापुरात घरांसाठी झालेला लढा हा मजुरीच्या लढ्याचाच भाग होता. मात्र घरे मिळाल्यानंतर मजुरीच्या आणि पर्यायी कामाच्या प्रश्नाकडे ज्या ताकदीने परतायला हवे होते, त्या ताकदीने ती चळवळ अजून परतलेली नाही.

हे म्हणण्याआधी एक जुना आरोप बाजूला करणे आवश्यक आहे. सोलापुरातल्या सुशिक्षित घरांत अजूनही सर्रास ऐकू येते की लाल बावट्याने गिरण्या बंद पाडल्या. मोरारजी गोकुळदास यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, १९६० च्या दशकातच बंद पडली. लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंगगिरजी या गिरण्यांनी नंतर काही दशके तग धरला आणि शतक संपता संपता त्यांचेही भोंगे थांबले. जुनी यंत्रे बदलली गेली नाहीत, नफा पुन्हा गिरणीत घातला गेला नाही, आणि ज्या कापडावर गिरण्या जगत होत्या तेच कापड कमी मजुरीत, कमी वीजदरात, कोणताही कामगार कायदा न पाळता काढणारे यंत्रमाग शेजारीच उभे राहिले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने आजारी गिरण्या मिटू देण्याला जवळपास अधिकृत मान्यताच दिली. ज्या गावांत लाल बावटा नावालाही नव्हता, तिथल्या गिरण्याही याच काळात बंद पडल्या. कामगार संघटनांच्या हातून चुका झाल्याच नाहीत असे मी म्हणत नाही, परंतु गिरणी ही संपाने मरते यापेक्षा दुर्लक्षाने मरते, असे देशभरचा अनुभव सांगतो.

त्याच गिरण्यांनी या शहराला एक राजकीय शिस्त दिली होती, हेही विसरता येत नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात जो उठाव झाला, त्यात गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. काही दिवस ब्रिटिशांचा अंमल शहरातून अक्षरशः नाहीसा झाला आणि मग मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. हे चौघे चार वेगवेगळ्या समाजांतले होते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांना एका सभेत आणण्याची सवय सोलापूरला गिरण्यांच्या चाळींनी लावली. पुढे विडी कामगार स्त्रियांच्या मोर्चात तेलुगूत घोषणा आणि मराठीत भाषणे होत राहिली, ती याच सवयीमुळे. हुतात्म्यांचे पुतळे आपण चौकात उभे केले, पण ज्या कामगारवस्त्यांतून तो उठाव आला त्यांचे पुढे काय झाले, हे विचारायचे राहून गेले.

गिरण्यांतून बाहेर पडलेले काम नाहीसे झाले नाही. ते लहान शेडमध्ये आणि घरांत गेले. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या पद्मशाली समाजाच्या हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि जेकार्ड चादरी, टर्किश टॉवेल यांवर शहर जगू लागले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी त्या नावाखाली दुसरीकडची चादर बाजारात विकली जाते, ही विणकरांची तक्रार कायम आहे. यंत्रमाग कामगाराची मजुरी कापडाच्या मापावर ठरते. वीज गेली की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. भविष्य निर्वाह निधीचा विषय काढला की कारखानदार कारखाना बंद ठेवण्याची भाषा करतात. पुरुषांच्या या कमाईवर घर चालत नव्हते, आणि म्हणून घरातल्या स्त्रीने विडीचे सूप मांडीवर घेतले.

सोलापुरातल्या विडी कामगारांची संख्या ६० ते ७० हजारांच्या घरात सांगितली जाते आणि त्या जवळजवळ सर्व स्त्रिया आहेत. हे काम ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पाने भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची, पत्र्याच्या मापाने एकसारखी कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा, जुड्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन मोजून द्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर. पाने खराब निघाली, कमी पडली, तर बाईने ती बाजारातून स्वतःच्या पैशाने आणायची. तपासणाऱ्याने हातात धरून ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. छाट किती काढावी याला नियमाने मर्यादा आहे, पण तपासणाऱ्याच्या समोर उभी असलेली बाई नियम दाखवू शकत नाही, कारण उद्याची पाने त्याच्याच हातून घ्यायची असतात. एके काळी काही घरांत सून पाहताना मुलीला विडी वळता येते का, असे विचारले जाई. ज्या कौशल्यावर लग्ने ठरत होती, त्या कौशल्याच्या मोबदल्यात वयाच्या पन्नाशीला हाती येते ती वाकलेली पाठ, खोकला आणि सुन्न झालेली बोटे.

घर हा कामगाराचा प्रश्न आहे की नागरिकाचा, हा वाद ज्यांना पुस्तकी वाटत असेल त्यांनी या बाईच्या झोपडीत पावसाळ्यात जाऊन यावे. तिचा कारखाना म्हणजे तिचे घर. छत गळाले की पाने बुरसतात, वळलेली विडी दमट होते, ती छाटीत जाते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. उजेड नसला की संध्याकाळचे दोन तास बुडतात. पाण्याच्या रांगेत गेलेला वेळ थेट विड्यांच्या संख्येतून वजा होतो, आणि सोलापुरात तर अनेक वर्षे नळाला चार-चार दिवसांआड पाणी येत आले आहे. खोलीत तंबाखूची धूळ आणि रांगणारे मूल एकत्र असतात. ज्या उद्योगात मालकाने कारखान्याची भिंत, छत, दिवा आणि पाणी हा सगळा खर्च कामगाराच्या घरावर ढकलून दिला आहे, त्या उद्योगात पक्के घर मागणे म्हणजे बुडणाऱ्या मजुरीतला हिस्सा परत मागणे आहे. घरांचा लढा हा खऱ्या संघर्षापासूनची पळवाट आहे, असे डाव्या वर्तुळांतूनच अधूनमधून ऐकू येते. मला ते पटत नाही, त्याचे कारण हेच.

मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते नरसय्या आडम, ज्यांना सोलापूर ‘आडम मास्तर’ म्हणून ओळखते, आणि त्या पक्षाशी जोडलेल्या ‘सीटू’ या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हा लढा ज्या पद्धतीने चालवला तीही पाहण्यासारखी आहे. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगारांसाठी कुंभारी येथे १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. त्या योजनेचे गणित साधे होते: घराला ६० हजार रुपये, त्यातले २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे आणि २० हजार कामगाराचे. यातला शेवटचा आकडा सर्वांत कठीण होता. रोजच्या मजुरीतून घर चालवणाऱ्या बाईने २० हजार आणायचे कुठून? ते हप्त्याहप्त्याने गोळा करणे, त्याच्या पावत्या ठेवणे, बँकेचे कर्ज उभे करणे, कागदपत्रे जमवणे, आणि या काळात सरकार बदलले किंवा फाईल अडली तर सोलापुरातल्या आंदोलनांची नेहमीची जागा असलेल्या पूनम गेटसमोर पुन्हा पुन्हा बसणे, हे काम वर्षानुवर्षे चालले. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे हस्तांतरण झाले. ज्या वारली स्त्री-पुरुषांना वेठबिगारीतून सोडवण्यासाठी गोदूताई १९४५ च्या सुमारास डहाणू-तलासरीच्या जंगलात उभ्या राहिल्या, त्यांच्याइतक्याच हक्कहीन शहरी स्त्रियांच्या दारावर त्यांचे नाव लागले, याचे मला मोल वाटते.

त्यानंतरचे काम याहून मोठे. असंघटित कामगारांसाठी ‘रे नगर’ या नावाने ३० हजार घरांचा प्रकल्प त्याच परिसरात आखला गेला. प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अनुदान आणि बाकीचा भार लाभार्थींचा, अशी त्याची रचना होती. ९ जानेवारी २०१९ रोजी पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, वाहनचालक अशी सर्व प्रकारची कष्टकरी माणसे त्यात आहेत. देशातल्या फार थोड्या कामगार संघटनांनी एवढ्या संख्येने घरे उभी करून दाखवली असतील.

या यशाची राजकीय किंमत काय पडली, हेही सांगितले पाहिजे. २०१९ च्या कार्यक्रमात पंतप्रधानांची स्तुती केली म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने आडम यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. पक्षाची बाजू समजण्यासारखी आहे. ज्या सरकारच्या कामगार धोरणाविरुद्ध देशभर संप पुकारायचा त्याच्याच प्रमुखाचे व्यासपीठावर गुणगान करणे, हे कार्यकर्त्यांना गोंधळात टाकणारे आहे. परंतु ज्या माणसाने काँग्रेसच्या पंतप्रधानाकडून १० हजार घरे घेतली आणि भाजपच्या पंतप्रधानाकडून ३० हजार मंजूर करून आणली, त्याने एक गोष्ट नक्की ओळखली होती. मोडकळीला आलेल्या शहरातल्या गरिबाजवळ सौदा करायला श्रम उरत नाहीत, कारण त्याच्या श्रमाची कोणाला निकड नसते. त्याच्याजवळ उरते ती संख्या, आणि संख्येचे वजन कारखान्याच्या दारापेक्षा मंत्रालयाच्या दारात जास्त पडते. घर देणारे सरकार आपल्या विचाराचे नाही म्हणून घर नाकारण्याचा अधिकार पक्षाच्या समितीला नाही. तो फक्त त्या घरात राहणाऱ्या बाईला आहे. स्तुतीचे दोन शब्द टाळता आले असते, एवढेच मी म्हणेन.

मतपेटीने मात्र ही बेरीज तशी मांडली नाही. आडम १९७८, १९९५ आणि २००४ साली आमदार झाले आणि त्यानंतर, म्हणजे मोठी घरकुले उभी राहिल्यानंतरच्या काळात, सातत्याने हरले. याचा अर्थ लोक कृतघ्न आहेत असा लावणारे कार्यकर्ते मला भेटले आहेत. मला तो अर्थ अन्यायाचा वाटतो. घर मिळाले म्हणजे मत द्यावे, हा ज्या राजकारणाशी आपण लढतो त्याच राजकारणाचा नियम आहे. जात, धर्म आणि पैसा यांचा प्रभाव निवडणुकीत असतोच. पण त्याखेरीज एक गोष्ट संघटनेनेही पाहायला हवी: जी बाई सभासद म्हणून नव्हे, अर्जदार म्हणून संघटनेकडे येते, तिचे नाते अर्ज मंजूर झाला की संपते. गिरणीतला कामगार रोज आठ तास शेजाऱ्याबरोबर उभा राहत असे, आणि त्या सहवासातून संघटना घडत असे. घरी एकटी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीला तसा सहवास अर्जाच्या रांगेतून मिळणार नाही. तो वसाहतीत मुद्दाम घडवावा लागेल, आणि ४० हजार कष्टकरी कुटुंबे एका परिसरात आणण्याची अशी संधी पूर्वी कोणत्याच गिरणीने दिली नव्हती.

इथे मुंबईच्या गिरणगावाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यानंतर दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून बंद गिरण्यांच्या कामगारांची संघटना बांधली आणि गिरण्यांच्या जमिनीत कामगारांचा घराचा हक्क मान्य करून घेतला. त्यांच्यापुढे जमीन होती, जगातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एक, आणि म्हणून मागणीला निश्चित वस्तू होती. तरीही विकास नियमावलीत २००१ मध्ये झालेल्या बदलाने कामगारांच्या घरांसाठी मिळणारी जमीन आक्रसली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला, आणि २०१२ च्या पहिल्या सोडतीत सुमारे दीड लाख अर्जदारांसाठी ६,९२५ घरे निघाली. सोलापुरातल्या मिलच्या जमिनीला असा भाव कधीच नव्हता. हिसकावून घ्यावी अशी संपत्ती नसलेल्या शहरात सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी संख्येने अधिक घरे मिळवली, ही गोष्ट महाराष्ट्राच्या कामगार चळवळीच्या लेखनात जेवढी यायला हवी तेवढी आलेली नाही. मुंबईच्या पराभवावर आपण खूप लिहिले; सोलापूरच्या विजयाकडे फारसे पाहिले नाही.

त्या विजयातही खोट आहे, आणि ती जमिनीतूनच येते. स्वस्त जमीन शहराबाहेर असते. कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. घरकुलात राहायला गेलेले कुटुंब महापालिकेच्या हद्दीतून बाहेर पडले आणि ग्रामपंचायतीच्या पदरात आले, जिच्याजवळ एवढ्या वस्तीला पाणी, गटार, दिवे देण्याची ऐपत नाही. दुसरीकडे सोलापूर महापालिकेची परिवहन सेवा वर्षांगणिक खंगत गेली. विडी घरी वळता येते म्हणून विडी कामगारांना हे अंतर काही प्रमाणात झेलता आले, कारखान्यांनी वसाहतीजवळ शाखा उघडल्यावर तर बरेच. पण धुणीभांडी करणारी, भाजी विकणारी, रात्रपाळीचा यंत्रमाग चालवणारा माणूस रोज शहरात कसा येणार? जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे हा घराच्या हप्त्यावरचा दुसरा हप्ता होतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली आणि शहराच्या मधल्या भागात रस्ते, चौक, उद्याने यांवर खर्च झाला. शहराचा मध्य सुशोभित होत असताना त्याचे कष्टकरी दहा-बारा किलोमीटर दूर जात होते. या दोन घटनांचा एकत्र विचार महापालिकेने केला नाही, आणि चळवळीनेही तो पुरेसा लावून धरला नाही. ३० हजार घरे मागताना ३० हजार घरांची बस त्याच निवेदनात मागायला हवी होती.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. विडी मरते आहे, आणि ती मरायलाच हवी. तंबाखूने माणसे मरतात. ओढणारेही आणि वळणारेही. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचे चित्र छापणे सक्तीचे झाले, तेव्हा विडी कारखानदारांनी कारखाने बंद ठेवले आणि उपाशी राहिलेल्या स्त्रियांना पुढे करून सरकारवर दबाव आणला. कामगार संघटना अशा वेळी कात्रीत सापडते. कायद्याला विरोध करावा तर मालकाच्या मागे उभे राहावे लागते, पाठिंबा द्यावा तर सभासदाच्या घरची चूल विझते. आरोग्य कार्यकर्ते आणि कामगार कार्यकर्ते यांनी एकमेकांशी न बोलण्याची चूक आपल्याकडे वर्षानुवर्षे केली, आणि तिचा फायदा फक्त मालकांनी घेतला.

यातून मार्ग आहे, पण तो सरकारच्या तिजोरीतून जातो. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून विडी कामगार कल्याण निधी उभारला गेला होता. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांचे अनुदान त्यातून होत असे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. म्हणजे ज्या उद्योगाला सरकार हळूहळू संपवू पाहते, त्या उद्योगातल्या कामगारांसाठी बाजूला ठेवलेला हक्काचा पैसा नेमका गरजेच्या वेळी बंद करण्यात आला. विडीवर कर लावणे योग्यच आहे. परंतु त्या करातला ठरावीक हिस्सा विडी वळणाऱ्या स्त्रियांना दुसऱ्या कामात नेण्यासाठी कायद्याने राखून ठेवला पाहिजे, ही मागणी आरोग्याच्या आणि कामगारांच्या चळवळींनी एकत्र येऊन करण्यासारखी आहे. सोलापुरात दुसरे काम काल्पनिकही नाही. शालेय गणवेश आणि तयार कपड्यांचा धंदा तिथे वाढतो आहे. बोटांचे कौशल्य असलेल्या स्त्रीला शिलाई यंत्रावर बसवणे अशक्य नाही. शिकण्याच्या महिन्यांत तिची मजुरी भरून निघाली नाही तर मात्र ती येणार नाही. ज्या घरात आजच्या विड्यांवर आजची भाजी येते, तिथे सहा महिन्यांचे विनावेतन प्रशिक्षण म्हणजे नकारच. शिवाय शिलाईचे काम तुकड्यावर, ठेकेदारामार्फत, कोणत्याही नोंदीशिवाय मिळणार असेल तर तो बदल खालच्या दिशेचा ठरेल.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांपैकी कायद्याने कामगार म्हणून ओळखल्या गेलेल्या स्त्रिया म्हणजे प्रामुख्याने विडी कामगारच. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू असल्याचे मान्य केले. तिच्याजवळ ओळखपत्र आहे, निधीचा खाते क्रमांक आहे, निवृत्तिवेतन आहे. शिलाईवालीकडे, पापडवालीकडे, अगरबत्तीवालीकडे यांपैकी काही नाही. तेव्हा विडी सोडताना ही बाई हे हक्क विडीबरोबरच सोडून जाणार का, हा येत्या काळाचा खरा प्रश्न आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा स्वतंत्र कायदा त्यांत विरून गेला. संहितांच्या नियमांत घरगुती कामगाराची नोंद कोण करणार, मालक कोण ठरणार, हे आताच पक्के करून घेतले नाही, तर साठ वर्षांत मिळवलेले अधिकार एका पिढीत केवळ कागदावर उरतील.

निवृत्तिवेतनाचीच गोष्ट घ्या. कर्मचारी पेन्शन योजनेखाली किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. तेव्हापासून महागाई किती वाढली हे कोणत्याही किराणा दुकानात कळते. हा आकडा तिथेच आहे. तीस-चाळीस वर्षे विड्या वळून म्हाताऱ्या झालेल्या सोलापूरच्या बाईला महिन्याला जे मिळते, त्यात तिच्या सांधेदुखीच्या गोळ्याही येत नाहीत. म्हणून सत्तरीतही सूप मांडीवरच राहते. मग बचत गटाचे कर्ज, त्यावर सूक्ष्म वित्त कंपनीचे कर्ज, आणि दर आठवड्याला वसुलीसाठी दारात उभा राहणारा माणूस. पक्क्या घराच्या पक्क्या दारातच तो उभा असतो. घर मिळाले म्हणून प्रश्न मिटला असे मानणाऱ्यांनी एकदा या वसुलीच्या दिवशी घरकुलात जाऊन पाहावे.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारे लोक वाईट हेतूचे नसतात. त्यांचे म्हणणे असे की उतरणीला लागलेल्या शहरात माणसांना थांबवून ठेवण्यापेक्षा, जिथे काम आहे तिथे जायला मदत करावी. सोलापुरात घर देणे म्हणजे गरिबाला गरिबीच्या जागी खिळवणे. तरुणांच्या बाबतीत यात काही तथ्य आहे, आणि ते जातच आहेत. त्यांना कोणी अडवलेले नाही. पण पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीला जे भाडे पडते, ते भरून उरलेल्या पैशात सोलापूरचे म्हातारे आईवडील आणि शाळेतली मुले कशी पोसायची? स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचा अर्धा भाग नेहमी मागेच राहतो. मागे पक्के घर असेल तर पुढे गेलेला मुलगा थोडा धोका पत्करू शकतो. मागे गळकी झोपडी असेल तर तो पहिल्या अडचणीला परत येतो. घर हे स्थलांतराच्या विरुद्ध आहे, हे गृहीतच चुकीचे आहे. आणि ज्यांनी चार पिढ्या सूत, कापड आणि विडी यांतून या शहराच्या श्रीमंतांची घरे बांधली, त्यांना शहराचा उपयोग संपल्यावर उठून जा म्हणणे, हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न म्हणून पाहणे मला शक्य नाही.

तेव्हा चळवळीपुढचे काम स्पष्ट आहे. रे नगर आणि गोदूताई परुळेकर वसाहत यांना स्वतंत्र नगर प्रशासन मिळावे किंवा त्यांचा महापालिकेत समावेश व्हावा, आणि तो निर्णय होईपर्यंत शहराशी जोडणाऱ्या नियमित बसगाड्यांचा खर्च राज्याने उचलावा. वसाहतीतच छाट आणि पानांच्या तुटीची नोंद ठेवणारी तक्रार केंद्रे संघटनेने स्वतः चालवावीत, म्हणजे एकेकटी बाई तपासणाऱ्यासमोर जे बोलू शकत नाही ते शंभर जणींच्या नोंदवहीतून बोलता येईल. किमान वेतनाचा सरकारी दर आणि प्रत्यक्ष हाती पडणारा दर यांतला फरक दर महिन्याला कारखान्याच्या नावानिशी वसाहतीच्या फलकावर लिहिला जावा. शिलाईच्या सहकारी संस्था काढायच्या तर घरांसाठी वापरलेलीच पद्धत वापरता येईल, कारण २० हजारांचा हप्ता गोळा करणाऱ्या त्याच स्त्रिया, त्याच पावतीपुस्तकांसह, तिथे राहत आहेत. किमान निवृत्तिवेतनाची मागणी त्यांनी पूनम गेटवर करावी, आणि सोलापूरच्या खासदाराला ती दिल्लीत मांडायला भाग पाडावे. मग तो खासदार कोणत्याही पक्षाचा असो.